कमरेची सुपारी

तिरुवल्लिकेणी, चेन्नई
४ जून २००६

जयवंती,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. आधी तक्रार.

काल तुझा मामा येऊन गेला. चंद्रमौळी आपल्याकडे येताना कधी हात हलवत येत नाही, काल आला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की गृहस्थ काहीतरी अवघड सांगायला आला आहे. लग्न ठरलं ही बातमी अवघड नव्हती. मुलगा चांगला आहे, कार्तिक त्याचं नाव, तिकडे जर्मनीत तुझ्याच संस्थेत आहे, तमिळ आहे, हे सगळं मी मान डोलावत ऐकून घेतलं. मुहूर्त तीस ऑगस्टचा, म्हणजे ऐन चातुर्मासातला. पण मुलाकडच्यांच्या आवणी महिन्यात लग्नं होतात म्हणे, तर होऊ देत. दीड वर्षात आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही, तेव्हा मला विचारून ठरव असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

मग चंद्रमौळीने पाणी मागितलं, सगळं प्यायला आणि भिंतीकडे बघत म्हणाला की कन्यादान तुझे प्रोफेसर व्यंकट आणि त्यांच्या पत्नी हेमलता करणार आहेत.

मी विचारलं, का, मी मेलो का?

"भावोजी, कोपूं नका," तो म्हणाला. "कन्यादानाला जोडपें पाहिजे. अक्का नाहीं, तुम्हीं एकटे. वाद्यारानं सांगून टाकलं."

वाद्यार म्हणजे मुलाकडचे भटजी. त्यांना कऱ्हाडकडची माहिती असण्याचं कारण नाही, पण तुझ्या मामाला मी चांगली करून दिली. आमच्याकडे बायको गेलेला माणूस कमरेला सुपारी खोचतो आणि कार्याला बसतो. ती सुपारी म्हणजे बायको. माझ्या काकांनी दोन्ही मुलींची कन्यादानं अशीच केली, आणि त्या दोघींचे संसार उत्तम झाले. चंद्रमौळी म्हणाला, इकडं सुपारी चालत नाहीं. मी म्हटलं, बरं, जोडपंच हवं तर मामा-मामी कशाला आहेत? तू आणि तुझी बायको बसा. त्यावर तो आणखी ओशाळला. जया म्हणते सरच पाहिजेत, एवढं म्हणून तो चपला शोधायला लागला.

सरच पाहिजेत. म्हणजे शास्त्राची अडचण नाही, तुझी आवड आहे.

तो गेल्यावर मी कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरमध्ये गेलो. तुझ्या संस्थेने तुझं एक पान ठेवलं आहे असं ऐकून होतो. तिथल्या मुलीने ते काढून दिलं. फोटोत तू बारीक झाली आहेस. खाली 'शैक्षणिक पार्श्वभूमी आणि संशोधनातील रस' असा मथळा. बी.एस्सी., एम.एस्सी., मग उंदरांच्या स्मरणशक्तीवर पीएच.डी., मार्गदर्शक डॉ. व्यंकट. रस कशात, तर दोन भाषा बोलणाऱ्या माणसाच्या मेंदूला इजा झाली की कुठली भाषा जाते, कुठली राहते आणि का. आणि शेवटी आभार: 'माझे गुरू, ज्यांनी मला मेंदूकडे पाहायला शिकवलं.'

मेंदूकडे पाहायला? तू सातवीत असताना एगमोरच्या म्युझियममध्ये बरणीतला मेंदू दाखवायला तुला कोण घेऊन गेलं होतं? त्या दिवशी मी रेल्वेच्या क्लेम्स सेक्शनमधून रजा घेतली होती, आणि आमच्या साहेबाकडून रजा घेणं म्हणजे काय होतं ते तुला माहीत नाही. तू त्या बरणीसमोरून हलेनास. मी तुझ्या मागे उभा होतो. तेव्हा हे व्यंकट सर कुठे होते, ते तुझ्या त्या पानावर लिही.

मला हेवा वाटतो असं तू म्हणशील. म्हण.

लग्नाबद्दल आशीर्वाद. बाकी कशाबद्दल नाही.

तुझा बाप,
(कन्यादानाचा अधिकार वगळून)
गजेंद्र


तिरुवल्लिकेणी
२५ जून २००६

जयवंती,

तुझी ई-मेल पोचली. चंद्रमौळीच्या ऑफिसात आली, तिथल्या टायपिस्टने छापली, चंद्रमौळीने वाचली, मग माझ्याकडे आली. इंग्रजीत चार ओळी आहेत, त्यामुळे कोणाचा फार वेळ गेला नसावा.

तू लिहितेस, हा निर्णय माझा अपमान करायला घेतलेला नाही. अम्माशी शेवटपर्यंत बोलत राहिलेलं माणूस एकच, ते म्हणजे सर, आणि म्हणून अम्माच्या वतीने त्यांनीच बसावं असं तुला वाटतं. मी ती चिठोरी खिशात घालून मरीनावर फिरून आलो. वाऱ्यावर सोडून द्यावी असा विचार होता, पण परत घेऊन आलो.

बोलणार कसा होतो मी? तू शास्त्रज्ञ आहेस, तूच सांग. अर्धांगाचा झटका येऊन कामाक्षी न्हाणीघरात पडली, त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या तोंडून शब्द नव्हता. मग शब्द आले ते सगळे तमिळ. मराठी तिच्या माहेरची, तंजावरच्या घरात जन्मापासूनची, माझ्याशी एकतीस वर्षं बोललेली. ती पार पुसून गेली. मी विचारायचो, पाणी हवं का. तिला कळायचं. ती माझ्याकडे बघायची, ओठ जुळवायची, कपाळाला आठ्या पडायच्या, आणि बाहेर यायची तमिळ. तीही एका शब्दाची नाही, चांगली लांबलचक. मी पाणी द्यायचो आणि ती तोंड फिरवायची, म्हणजे पाणी नको होतं, दुसरंच काहीतरी हवं होतं.

इतकी वर्षं मद्रासेत काढून गड्याला तमिळ येत नाही, असं लोक मला हसतात. हसू देत. ऑफिसात इंग्रजी, घरात मराठी, महाराष्ट्र मंडळात मराठी. बसमध्ये आणि भाजीवाल्याशी लागते तेवढी तमिळ मला येते. त्यापुढची कामाक्षी बघायची. गॅसवाला, घरमालक, तुझी शाळा, सगळं ती. माझी तमिळ म्हणजे तीच होती, आणि आता तीच पलीकडे जाऊन बसली.

अशात तू तुझ्या सरांना घेऊन आलीस. ते येऊन पायरीशी चपला काढायचे आणि आत जाता जाता "एन्न मामी", म्हणजे काय मामी, अशी हाक मारायचे, की आतून हसू यायचं. तुझी आई माझ्यासमोर हसली ती तोंडाला पदर लावून. त्या माणसासमोर ती खदखदून हसायची, अर्धं तोंड वाकडं झालेलं असताना. दार लोटलेलं. मी बाहेर पेपर धरून बसलेलो. ते निघाले की मी विचारायचो, काय म्हणाली? ते इंग्रजीत म्हणायचे, तिची प्रगती फार चांगली आहे. तुला विचारलं तर तू म्हणायचीस, बाबा, ही तपासणी आहे, त्यातलं बाहेर सांगायचं नसतं. नवऱ्याला सांगायचं नसतं.

मला हेवा वाटायचा. स्पष्टच लिहितो. बायको अंथरुणावर, आणि नवरा बाहेर बसून जळतो आहे. इतरांना हे सांगितलं तर तोंडात शेण घालतील, पण खोटं कशाला लिहू?

ती गेली. तू जर्मनीला गेलीस. मग तुमचा तो लेख आला. तुझ्या आईचं त्यात 'के.' झालं. 'के., वय बावन्न, उजव्या हाताने काम करणारी गृहिणी.' तेही मी गिळलं असतं. पण दुसऱ्या पानावर एक वाक्य आहे: 'पतीला रुग्णाची शिल्लक राहिलेली भाषा येत नाही.' जयवंती, तुझ्या सगळ्या शास्त्रात माझा उल्लेख तेवढा एकच आहे. मी तो लेख मिटला आणि तुला पत्र लिहिणं बंद केलं. कारण विचारलं नाहीस, म्हणून आज सांगतो.

त्या लेखावर तुझ्या नावाशेजारी व्यंकट यांचं नाव आहे. आता लग्नपत्रिकेवरही येईल.

तुझा,
शिल्लक भाषा न येणारा पती


तिरुवल्लिकेणी
१० जुलै २००६

जयवंती,

उत्तर नाही. ठीक आहे, मीही दीड वर्ष लिहिलं नव्हतं.

मंडळाच्या भटजींना गाठलं. त्यांनी खात्रीने सांगितलं की विधुराला सुपारी घेऊन कन्यादान करता येतं, कोणाच्याही बापाला ते अडवता येणार नाही. चंद्रमौळीने हे वाद्यारांच्या कानावर घातलं. वाद्यार नुसते हसले म्हणे. शास्त्रार्थाला हसणं हे उत्तर कधीपासून झालं?

चंद्रमौळीच्या पोटात काही राहत नाही, हे एक बरं आहे. तो सांगत होता, प्रोफेसर घरी पंचकच्चम नेसायचा सराव करतात. आयुष्यभर पँट घातलेला माणूस, आता कन्यादानासाठी ते लांबलचक धोतर नेसायला शिकतो आहे, आणि बायको निऱ्या करून देते. चंद्रमौळीला ते कौतुकाचं वाटलं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. त्यांना मूलबाळ नाही, हे मला माहीत आहे आणि वाईटही वाटतं. पण म्हणून तुला आम्ही वाढवायचं, तुझ्या गोवर-कांजिण्या आम्ही काढायच्या, आणि तयार मुलीच्या हातावर पाणी त्यांनी सोडायचं, हा कुठला न्याय? आयत्या बिळावर नागोबा असं आपल्यात म्हणतात. माणूस सज्जन आहे म्हणून म्हण खोटी ठरत नाही.

रविवारी मी नुंगंबाक्कमला त्यांच्या घरी जाणार आहे. फोन केलेला नाही. फोन केला की माणसं तयारीत राहतात. सुपारी खिशात असेल. ती टेबलावर ठेवून मी त्यांना सांगणार आहे की कामाक्षी गजेंद्र हजर आहे, बदली जोडप्याची गरज नाही.

तू त्यांना आधी कळवशील, तर कळव.

बाबा


तिरुवल्लिकेणी
१७ जुलै २००६

जयवंती,

काल जाऊन आलो. कसं लिहावं ते सुचत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

प्रोफेसर घरी नव्हते. दार हेमलताबाईंनी उघडलं. मला बघून त्या दचकल्या नाहीत, उलट इतके दिवस कुठे होता अशा चेहऱ्याने आत या म्हणाल्या. मी इंग्रजीत भाषण पाठ करून गेलो होतो. ते प्रोफेसरांसाठी होतं, पण बसमध्ये एवढं घोटलं होतं की थांबवेना. कॉफी समोर आल्याबरोबर मी सुरू केलं. म्हटलं, मॅडम, मी या बाबतीतली रूल पोझिशन स्पष्ट करायला आलो आहे.

त्या हसल्या. तोंडावर हात ठेवला, तरी हसू थांबेना.

मी उठलो. म्हातारा माणूस दिसला की हसायचं, हे मी वाद्यारांकडून ऐकून घेतलं होतं, पुन्हा ऐकायची इच्छा नव्हती. त्या गडबडीने म्हणाल्या, बसा हो, माफ करा, तुम्ही हे खरोखर म्हणता हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं की मामी पदरचं जोडून सांगतात.

मामी म्हणजे तुझी आई.

तुझ्या सरांबरोबर शनिवारी एक बाई यायच्या, सुती साडीतल्या, हे मला अंधुक आठवत होतं. मी त्यांना विद्यार्थिनी समजत होतो. त्या हेमलता. त्यांनी सांगितलं की शनिवारी तू लॅबमध्ये असायचीस, तपासणी लवकर आटपायची आणि मग कामाक्षी 'कार्यक्रम' करायची. नकला. शाळेच्या मुख्याध्यापिका, देवळातले गवई, घरमालक. आणि शेवटी नेहमी मी.

मी विचारलं, मी म्हणजे कसा?

बाई जरा लाजल्या. मग त्यांनी पेला खाली ठेवला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, पाठ ताठ केली, अंगठ्याने नाक घासलं आणि बोलायला लागल्या. शब्द एकही नाही. नुसता सूर. सुरुवातीला खालच्या पट्टीत, मग चढत चढत, मध्ये 'काय म्हणतो मी' म्हणताना माझा आवाज जसा वर जाऊन थांबतो तसा थांबला, आणि मग टेबलावर बोटाने टक टक. त्यानंतर इंग्रजीतले दोनच शब्द: रूल पोझिशन.

जयवंती, तो मी होतो. हेमलताबाईंना मराठीचा गंध नाही. त्यांनी मला कधी मराठी बोलताना ऐकलेलंही नाही. तो सूर त्यांना कामाक्षीने दिला. मराठीचा एक शब्द तिला जुळवता येत नव्हता, आणि मी सगळाच्या सगळा, चढउतारासकट, तिच्याजवळ शाबूत होतो. तुझ्या लेखात हे नाही. तुला माहीत होतं का?

मी म्हटलं, पुन्हा करा.

त्यांनी पुन्हा केली. मी आणखी एकदा म्हटलं. तिसऱ्यांदा करता करता त्या थांबल्या, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. आत जाऊन त्यांनी उगीचच भांडी वाजवली, मला तोंड पुसायला वेळ मिळावा म्हणून. चांगल्या बाई आहेत. हे लिहायला जड जातं, पण आहेत.

मग त्या बाकीचं सांगत बसल्या. तंजावरच्या शाळेत दरवर्षी तमिळ नाटक व्हायचं आणि राजाचं काम कामाक्षी करायची, कोळशाच्या मिशा काढून. तिची मैत्रीण कमलिनी राणी व्हायची. पुढे दोघींनी त्रिचीच्या रेडिओवर नाटकासाठी आवाजाची परीक्षा दिली. कमलिनी नापास झाली. कामाक्षी पास झाली. त्याच महिन्यात कऱ्हाडचं स्थळ सांगून आलं, रेल्वेत नोकरी असलेलं.

मी म्हटलं, मला यातलं काहीच माहीत नाही. एकतीस वर्षांत एक अक्षर बोलली नाही.

हेमलताबाई म्हणाल्या, "मीही त्यांना विचारलं होतं, नवऱ्याला हे सांगितलंत का? त्या म्हणाल्या, ही गोष्ट मराठीत सांगता येत नाही. मराठीत मी सून आहे."

कॉफी गार झाली होती, ती प्यालो.

आता माझी अवस्था ऐक. ती दुसऱ्याजवळ हसते म्हणून मी जळत होतो, ते बरं होतं. तिथे निदान माझी कामाक्षी होती आणि चोर दुसरा होता. आता मी एका मिशावाल्या मुलीवर जळतो आहे, जिला कमलिनीने पाहिलं, शाळेने पाहिलं, व्यंकटने पाहिलं, या बाईंनी पाहिलं. एका घरात राहून मीच तेवढा राहिलो. माझ्याच बायकोची ओळख मला नुंगंबाक्कमच्या दुसऱ्या मजल्यावर एका परक्या बाईने करून दिली. हेवा म्हणजे नक्की काय, हे मला काल कळलं. आधीचा नुसता पोटशूळ होता.

तेवढ्यात प्रोफेसर आले. कमरेला हा एवढा पट्टा, भिंत धरून चालत होते. मणक्याची चकती सरकली आहे, त्यातच पंचकच्चम नेसायला वाकत होते, मूर्ख माणूस. माझ्या खिशात सुपारी आणि त्यांच्या कमरेला पट्टा, आणि दोघंही कन्यादानाचे उमेदवार. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "सर, तुम्ही नको म्हणालात तर आम्ही बसणार नाही. जयाला मी समजावीन." एवढा मोठा प्रोफेसर मला सर म्हणाला. हेमलताबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली होती आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

हीच वेळ होती. सुपारी काढून टेबलावर ठेवायची, की काम फत्ते. मी खिशात हात घातला आणि तसाच राहिलो. ही सुपारी म्हणजे कामाक्षी, असं मी म्हणणार होतो. कुठली कामाक्षी? पदर लावून हसणारी असेल, तर ठीक आहे, ती बसली असती माझ्या कमरेला गुपचूप, सगळं कार्य होईपर्यंत. पण तुझं लग्न लावायला दुसरीही येणारच ना. राजाचं काम करणारी बाई काही सुपारीत मावत नाही.

मी नमस्कार करून बाहेर पडलो. काय ठरलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. तुला सांगतो. सुपारीचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. पाणी त्यांनी सोडावं.

हे मी आनंदाने लिहितो आहे, असं समजू नकोस.

बाबा


तिरुवल्लिकेणी
५ ऑगस्ट २००६

चिरंजीव जया,

तू फोन केलास तेव्हा मी नीट बोललो नाही. आपण दोघांनी जर्मनीच्या हवेची चौकशी करून फोन ठेवला. नकलांचं तुलाही माहीत नव्हतं, एवढं मात्र तू सांगितलंस. मला त्याचं किती बरं वाटलं, हे सांगणं बापाला शोभत नाही, तरी सांगतो. फार बरं वाटलं. एक गोष्ट तरी मला तुझ्याआधी कळली.

आता मुद्द्याचं. हेमलताबाईंचा फोन आला होता. मुलाकडच्यांनी विचारलं आहे की मांडी कोणाची?

तुला माहीत आहे, त्यांच्याकडे ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधताना मुलगी बापाच्या मांडीवर बसते. चांगली घोडी झालेली मुलगी, शालू, दागिने, आणि खाली बाप घामाघूम. मी आणि चंद्रमौळी आजवर मागच्या रांगेत बसून या प्रकाराला हसत आलो आहोत. आपल्यात हे नाही. कन्यादान करणाऱ्यानेच मांडीही द्यायची, असा त्यांचा रिवाज, म्हणजे प्रोफेसरांनी. पण त्यांना डॉक्टरांनी साधी बादली उचलायला मनाई केली आहे. हेमलताबाईंनी वाद्यारांना विचारलं की कन्यादान एकाचं आणि मांडी दुसऱ्याची असं चालेल का, आणि मांडीलाही जोडपं लागतं का? वाद्यार म्हणाले, मांडीला कशाला जोडपं, बाप असला म्हणजे झालं. बाई म्हणाल्या, मी जयाला अजून काही बोलले नाही, तुम्हीच विचारा.

तेव्हापासून मी सराव करतो आहे. तांदळाची गोणी मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसतो. डावा गुडघा कुरकुर करतो, पण बसवतं. काल चंद्रमौळी अचानक आला आणि त्याने मला तसं पाहिलं. मला वाटलं आता हा हसणार. तो शेजारी बसला आणि म्हणाला, "भावोजी, जयाचें वजन गोणीएवढें नाहीं. तुम्हांला जमेल."

तुझ्यापासून लपवून काय करू? हेवा गेलेला नाही. प्रोफेसर तुझा हात हातात घेऊन मंत्र म्हणतील, हेमलताबाई वरून पाणी सोडतील, तेव्हा मी जळणार आहे, आणि माझं ते तोंड फोटोतही येईल. तुझ्या त्या पानावरचं 'माझे गुरू' वाचून अजून जळतो, दर आठवड्याला जाऊन वाचतो. हल्ली हेमलताबाईंकडे मी तमिळ अक्षरं गिरवायला जातो, तिथे त्या कामाक्षीचं काही सांगायला लागल्या की ऐकावंसं वाटतं आणि उठून जावंसंही वाटतं. या वयात स्वभाव बदलणार नाही. पण ते पाणी सोडणार म्हणजे तुला देऊन टाकणार. ते काम त्यांनी करावं, माझ्याच्याने होणार नाही. मला धरून बसायचं आहे. ताली बांधून होईपर्यंत तू कोणाच्या तरी मांडीवर असणार आहेस, तर ती माझी असावी.

बसशील का?

नको वाटलं तर तसं लिही, मी मागच्या रांगेत बसेन, आणि हसणार नाही. उत्तर चंद्रमौळीच्या ऑफिसात पाठवू नकोस, घरच्या पत्त्यावर कागदावर लिहून पाठव. इंग्रजी नको, ती ऑफिसची. मराठी लिहिताना तू अडखळतेस, तर तमिळमध्ये लिही. मला एकेक अक्षर लावायला सबंध दिवस लागेल, लागू दे. हेमलताबाईंना दाखवणार नाही. तुझं उत्तर मीच आधी वाचणार.

बाबा